तुझी ओळख वकिलांनी का सांगावी?

प्रिय डंजन्स अँड ड्रॅगन्स,

तू म्हणजे नक्की कोण, हे ठरवायचं काम तू कधीपासून वकिलांवर सोपवलंस?

२००० साली तुझी तिसरी आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर एक खुला परवाना आला. हे नियम घ्या, त्यांच्यावर तुमची पुस्तकं लिहा, विका, आम्हाला एक पैसा देऊ नका, असं तो परवाना सांगत होता. त्याच्याखाली खुल्या केलेल्या तुझ्या नियमांना पुढे एक यादीही जोडलेली असायची. बिहोल्डर, माइंड फ्लेअर, डिस्प्लेसर बीस्ट, गिथ्यांकी, अंबर हल्क, युआन-टी. ही नावं तेवढी आमची, ही या खेळाची ओळख, हिला कोणी हात लावायचा नाही. बाकी सगळं तुमचं.

आम्ही ती यादी वाचली आणि कोणाचंच काही बिघडलं नाही. अनेक डोळे असलेला एक गोळा आणि तोंडावर सोंडा असलेला एक मेंदूखाऊ तू स्वतःकडे ठेवलास. ठेव की! त्या यादीत तू नव्हतासच. तू 'बाकी सगळं'मध्ये होतास आणि ते तू आमच्या हातात दिलं होतंस.

मग जानेवारी २०२३ मध्ये तेच परत मागायला कसा आलास?

तुला तुझा जन्म तरी आठवतो का? १९७४चा जानेवारी. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं लेक जिनिव्हा नावाचं गाव. लाकडासारख्या दिसणाऱ्या एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, पहिल्या छपाईच्या एक हजार प्रती, आणि गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन अशी दोन नावं. त्या पुस्तिका वाचून कोणालाही खेळ धड समजत नव्हता. लढाईसाठी 'चेनमेल' नावाचा दुसराच एक खेळ घरात असेल असं तू धरून चालला होतास. कितीतरी गोष्टी सांगायच्याच राहिल्या होत्या.

आणि तिसऱ्या पुस्तिकेच्या शेवटी तू आम्हाला काय सांगितलंस? नियमांचा अर्थ विचारायला उगाच पत्रं पाठवू नका, तुम्हाला हवं तसं ठरवा आणि तसंच खेळा, तुमच्या वाटची कल्पना आम्ही कशाला करायची? शब्द वेगळे असतील, पण आशय हाच होता. ते तुझं पहिलं वचन. तुझ्या अंगावर त्या दिवशी दुसरं काहीच नव्हतं. चामड्याची बांधणी नव्हती, रंगीत चित्रं नव्हती, यादी नव्हती.

आर्नेसननं त्याच्या ब्लॅकमूर नावाच्या काल्पनिक जगात सैन्याच्या खेळातून एकेक माणूस बाहेर काढला होता. एका खेळाडूचा एकच माणूस. तो भुयारात उतरायचा आणि जगला तर पुढच्या आठवड्यात त्याच जखमा आणि तीच कमाई घेऊन परत यायचा. दारापुढे उभं राहून तो म्हणू शकायचा, "मी दार उघडत नाही, मी दाराला कान लावतो." असं कोणी म्हटलं की समोरच्याला उत्तर द्यावंच लागायचं. पटावरच्या प्याद्यानं असं कधी कोणाला म्हटलं होतं?

आमच्या टेबलावर काय झालं ते सांगते. भुयारात रस्ट मॉन्स्टर निघाला. त्याच्या मिशा लोखंडाला लागल्या की लोखंडाचा गंज होतो आणि तो गंज हे जनावर खातं, हे तुला सांगायला नको. चिलखतवाले सगळे मागे सरले. ड्वॉर्फ खेळणारी मुलगी मात्र जागची हलली नाही. म्हणाली, "याला भूक लागली आहे ना? मग मी नाल ठोकायचे खिळे काढते पिशवीतून. त्याच्यापुढे टाकते. एकेक करून."

पुस्तकात त्याच्या हल्ल्याचे आकडे होते. खिळे भरवण्याबद्दल अक्षरही नव्हतं. मी थोडा विचार केला आणि म्हटलं, वीस बाजूंचा फासा टाक, पंधरा किंवा वर आले तर बघू. सतरा आले. टेबलाभोवतीचे सगळे उठून उभे राहिले होते. ते जनावर त्या दिवसापासून त्यांच्याबरोबर आहे. त्याचं नाव गंज्या. तिच्या कॅरेक्टर शीटच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं त्याचे हिट पॉइंट्स लिहिलेत आणि ते इतक्यांदा खोडलेत की तिथला कागद झिजून आरपार उजेड दिसतो.

गंज्या तुझ्या कुठल्या पुस्तकात आहे? आणि त्या संध्याकाळी आम्ही दुसरं काही खेळत होतो, असं तुझा कोणता वकील म्हणेल?

रस्ट मॉन्स्टर तरी मुळात तुझा कुठला? हाँगकाँगमध्ये बनलेल्या स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यांचं एक पाकीट गायगॅक्सच्या हाती लागलं होतं. प्रागैतिहासिक प्राणी म्हणून विकलेल्या त्या वेड्यावाकड्या बाहुल्यांतून रस्ट मॉन्स्टर निघाला, घुबडाच्या तोंडाचं अस्वल निघालं, जमिनीखालून झेप घेणारा बुले निघाला. ती खेळणी कोणी घडवली, त्या कारागिराचं नावही कुठल्या पुस्तकावर नाही.

तुझ्या जादूगारांनी मंत्र पाठ करायचा आणि एकदा म्हटला की तो डोक्यातून पुसला जायचा, ही रीत जॅक व्हान्सची. तुझ्या चोरांची चाल फ्रिट्झ लायबरची. जखमा आपोआप भरून येणारा ट्रोल पोल अँडरसनच्या कादंबरीतला. आणि हाफलिंग? टोल्किनच्या कथांचे हक्क असणाऱ्यांनी हरकत घेईपर्यंत तू त्यांना सरळ हॉबिटच म्हणत होतास.

हे मी हिणवायला म्हणत नाही. तुझं उसनं घेणं आम्हाला आवडायचं. १९७९ सालच्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये 'परिशिष्ट एन' छापून तू स्वतःच तर हे ऋण मांडलं होतंस. कोणकोणत्या लेखकांच्या पुस्तकांवर तू वाढलास, त्यांची नावं होती तिथे. कितीजण ती यादी हातात घेऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानांत फिरले असतील!

म्हणजे तुझ्याकडे दोन याद्या आहेत. एक तू कोणाकोणाचं देणं लागतोस त्याची, आणि दुसरी तुझ्या मालकीची. पहिली यादी लिहिणाऱ्याशी आमची ओळख होती. दुसरी घेऊन दारात उभा राहणारा कोण?

आमच्याकडूनही तू नेलंच आहेस की. १९७५ साली तुझ्यात राक्षस आला. तो रामायणातून आला नाही. 'कोल्चॅक' नावाच्या अमेरिकी टीव्ही मालिकेच्या एका भागातून आला, मंतरलेल्या बाणाचं भय घेऊनच. तू त्याला वाघाचं डोकं दिलंस, पुढे उलटे तळवे दिलेस. १९८० साली देवांचं पुस्तक काढलंस, त्यात इंद्र, अग्नी आणि वरुणाला आर्मर क्लास आणि हिट पॉइंट्स लावलेस. कोणाला राग येऊ शकला असता. आम्हाला मात्र वाटलं की याच्या घरात आपल्याकडचंही कोणी आहे, म्हणजे आपणही आत जायला हरकत नाही.

तसे आम्ही आत आलो. तुझी पुस्तकं इथे स्वस्त मिळत नाहीत. खुल्या नियमांच्या छापील पानांवर, एकमेकांचे फासे वापरून कितीतरी टेबलं सुरू झाली. बोलणं मराठीत, मंत्रांची नावं इंग्रजीत. आणि तू सांगितलं होतंस तसं आम्ही आमच्या वाटचं रचायला घेतलं. पिंपळावरचा मुंजा, खवीस, पाण्यातला गिऱ्हा, वेताळाची पालखी.

सगळ्यात जास्त दिवस चकव्यावर गेले. कोकणात रात्री माणसाला वाट चुकवून गोल गोल फिरवणाऱ्या या भुताला तुझ्या चौकटीत कसं बसवायचं? शेवटी त्याला हिट पॉइंट्स द्यायचेच नाहीत असं ठरलं. तलवार चालत नाही, आग चालत नाही. दर प्रहराला विस्डमचा फासा. चुकला की गट पुन्हा त्याच करवंदीच्या जाळीपाशी येतो, आणि हे त्यांना मी सांगायचं नाही, जाळीचं तेच वर्णन तसंच्या तसं पुन्हा करायचं. सुटायचा उपाय एकच. कोणीतरी म्हणायला हवं की आपण उजाडेपर्यंत इथेच बसू. मारझोडीला सरावलेल्या खेळाडूंना बसून राहायचं सुचायला किती वेळ लागतो ते तू बघायला हवं होतंस. तुला आवडलं असतं. निदान मी ज्या तुला ओळखत होते, त्याला नक्की आवडलं असतं.

आता नव्या परवान्याचा तो फुटलेला मसुदा आठव. जानेवारी २०२३ मध्ये तो लोकांसमोर आला. जुना परवाना यापुढे अधिकृत नाही. साडेसात लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नात तुझा २५ टक्क्यांपर्यंत वाटा, तोही नफ्यावर नाही, उत्पन्नावर. पैशाचं कलम मोठ्या प्रकाशकांपुरतं होतं, आमच्यासारख्यांच्या वाटेला ते कधी येणारही नव्हतं. आमच्या मनाला लागलं ते दुसरंच. आम्ही जे लिहू ते वापरायचा हक्क तुझ्या मालकांना कायमचा, कधीही न फिरवता येणारा आणि फुकट. आणि आम्हाला दिलेली परवानगी मात्र ३० दिवसांची सूचना देऊन केव्हाही बदलता किंवा संपवता येणारी.

म्हणजे चकवा कायमचा तुझा, आणि तू आमचा महिनाभराच्या नोटिशीवर?

याच्या महिनाभर आधी, डिसेंबर २०२२ मध्ये, तुझ्यातून जितका पैसा निघायला हवा तितका काढला जात नाही, असं तुझ्या मालकांनी गुंतवणूकदारांसमोर सांगितलं होतं. ते ऐकलं तेव्हाच पोटात गोळा आला होता. टेबलाभोवती पाच जण बसतात, पुस्तकं बहुतेकदा एकाच माणसाची असतात, बाकीचे चौघे त्याच्याकडूनच शिकतात. तू पन्नास वर्षं जगलास तो असाच. त्या चौघांकडे न वसूल झालेली रक्कम म्हणून कधीपासून बघायला लागलास?

आणि तुझं दुसरं वचन? तुझ्या प्रकाशक कंपनीनं, विझर्ड्स ऑफ द कोस्टनं, तो परवाना आणला, त्यानंतर लोकांनी ही शंका विचारली होती. उद्या तुम्ही परवाना बदललात तर? त्यांनीच प्रश्नोत्तरांत लेखी उत्तर दिलं होतं की आमचा बदल तुम्हाला पटला नाही तर आधीची आवृत्ती वापरत राहा, तो अधिकार तुमचा. या परवान्यामागचा प्रमुख माणूस रायन डान्सी. पुढे मालक कोणीही असो, हा खेळ लोकांच्या हातून जाऊ नये, यासाठी तो परवाना होता हे त्यानं उघडपणे सांगितलेलं आहे. २०२३ मध्येही तो तेच म्हणाला. त्या शब्दावर माणसांनी घरं चालवली, छापखान्यांचे पैसे भरले. तो शब्द तुझ्या मालकांना बंधनकारक वाटला नाही, हे आम्हाला एका फुटलेल्या कागदावरून कळावं?

तू बदललास म्हणून हे पत्र लिहिते आहे असं समजू नकोस. तू नेहमीच बदलत आला आहेस. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सैतानाच्या नावानं बोंब मारणाऱ्यांना घाबरून तू स्वतःच्या राक्षसदैत्यांची नावं बदललीस, मारेकरी हा पात्रप्रकार काढून टाकलास. २००८च्या चौथ्या आवृत्तीत मंत्र पाठ करायची ती जुनी रीत मोडून सगळ्यांना एकाच साच्याच्या शक्ती दिल्यास. तेव्हा खूप भांडणं झाली. हा तूच का, असं लोक विचारत होते. मलाही तेव्हा तू अनोळखी वाटला होतास.

पण त्या वर्षांत काय घडलं ते बघ. २००९ मध्ये पेझो नावाच्या कंपनीनं तुझ्या मागच्या आवृत्तीचे नियम घेऊन 'पाथफाइंडर' काढला आणि नाराज झालेली माणसं तिकडे तुझाच खेळ खेळत राहिली. नाव तुझ्याकडे होतं, सवयी तिकडे होत्या. त्याच्याही आधी, २००६ मध्ये, काही चाहत्यांनी 'ओझरिक' नावानं तुझी पहिली ॲडव्हान्स्ड आवृत्ती पुन्हा लिहून काढली, कारण तू ती केव्हाच सोडून दिली होतीस. त्या खुल्या परवान्यामुळेच हे जमलं. तुला स्वतःची आठवण राहिली नाही तेव्हा ती आम्ही जपली. नंतर तूच आमच्याकडे आलास, काही वर्षं कच्चे नियम आमच्या टेबलांवर पाठवलेस, काय ठेवू आणि काय टाकू असं विचारलंस, आणि २०१४ साली त्यातून पाचवी आवृत्ती आली. इतकं मोठं यश तुला आधी कधी मिळालं नव्हतं. ते कोणाला विचारून मिळालं?

२०२३ मध्येही तू शेवटी मागे फिरलास, हे मी विसरलेले नाही. पंधरा हजारांहून जास्त लोकांनी तुझ्या सर्वेक्षणात उत्तरं दिली आणि २७ जानेवारीला तुझ्या मालकांनी जुना परवाना होता तसा ठेवला, शिवाय पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये टाकले. ते पाऊल मोठं होतं आणि ते आता कोणालाही मागे घेता येणार नाही. त्याबद्दल आभार. पण त्याआधी तुझ्याकडून जे निवेदन आलं, त्यात लोक जिंकले आणि आम्हीही जिंकलो, असा सूर होता. जिंकलो? आपल्यात सामना कधी ठरला होता?

आणि मग ऑगस्ट २०२४. नवे नियम येणार म्हणून तुझ्या डिजिटल मंचावर लोकांच्या कॅरेक्टर शीटमधले जुने मंत्र आणि जादूच्या वस्तू आपोआप बदलणार, असं जाहीर केलंस. पैसे मोजून घेतलेली पुस्तकं होती ती. चालू मोहिमेच्या मध्यात माणसाच्या हातातली वस्तू बदलायची? पुन्हा आरडाओरडा झाला, पुन्हा काही दिवसांत तू मागे फिरलास. दर वेळी आम्ही ओरडल्यावरच तुला आमची आठवण का येते?

मधल्या काळात घर रिकामं होत गेलं. तुझ्या पन्नाशीच्या तोंडावर, डिसेंबर २०२३ मध्ये, विझर्ड्सची मालक कंपनी हॅस्ब्रोनं सुमारे ११०० नोकऱ्या कमी करत असल्याचं जाहीर केलं. त्यात तुझ्यावर काम करणारेही होते. तुला वर्षानुवर्षं घडवणारे जेरेमी क्रॉफर्ड आणि क्रिस पर्किन्स २०२५ मध्ये बाहेर पडून डॅरिंग्टन प्रेस या दुसऱ्या प्रकाशकाला मिळाले. पाथफाइंडरनं तर तुझा धसका घेऊन स्वतःचे नियम नव्यानं लिहिले. चांगल्या-वाईटाचे नऊ कप्पे काढले, रंगांवरून ओळखले जाणारे ड्रॅगन काढले, मॅजिक मिसाइलचंही नाव बदललं. तुझी एकेक खूण त्यांनी घासून काढली, आणि तरी त्यांच्या टेबलावर तोच प्रश्न विचारला जातो जो ब्लॅकमूरच्या भुयारात विचारला जायचा. समोर हे आहे, तू काय करतोस?

तो प्रश्न कोणाच्या यादीत घालणार आहेस?

मला नवीन आवृत्तीचं वैर नाही. २०२४च्या पुस्तकांत पुष्कळ गोष्टी आधीपेक्षा नीट मांडल्या आहेत, शिकवायलाही सोप्या आहेत, असं ज्यांच्या मताला मी मान देते ते लोक सांगतात. त्यांचं खरं असेल. मी ती घेतलेली नाहीत. टेबलावर २०१४चीच जीर्ण प्रत आहे, कणा सुटलेली, आणि तिच्याशेजारी आमची चकव्याची वही.

एक गोष्ट अजून तशीच लोंबकळते आहे आणि ती तुलाही माहीत आहे. तो २०००चा परवाना तुझ्या मालकांनी जागेवर ठेवला, पण ज्या फटीतून ते २०२३ मध्ये आत शिरले ती बुजवली नाही. तो कायमचा आहे असं त्यात लिहिलेलं आहे. तो मागे घेता येणार नाही, असं मात्र आजही कुठे लिहिलेलं नाही. तुझ्या जुन्या रूपांवर उभी असलेली कितीतरी लहान माणसांची पुस्तकं अजून त्याच्याच आधारावर आहेत. त्यांनी काय, पुढचा मसुदा फुटायची वाट बघायची?

तुझ्या मालकांकडून 'हा परवाना मागे घेता येणार नाही' हे एक वाक्य त्या परवान्यात लिहून घे. मसुदा नको, निवेदन नको, सर्वेक्षण नको. ते आलं की नवीन पुस्तक विकत घेणाऱ्यांत मीही असेन.

तुझी,
एक डंजन मास्टर